पावती मोजता, खड्डा कधी मोजणार?

मुरूम कुणाला लागत नाही? घराच्या जोत्याला लागतो, गोठ्याला लागतो, शेतरस्त्याला लागतो, शाळेच्या मैदानाला लागतो. मृगाच्या पहिल्या सरीत वस्तीचा रस्ता बसला की सरपंचांचा फोन वाजायला लागतो आणि प्रत्येकाची मागणी एकच असते. दोन ट्रिपा मुरूम टाका.

खाणच नको म्हणणाऱ्याने जुलैत काळ्या रानातल्या गाडीवाटेने एकदा दुचाकी नेऊन दाखवावी.

तेव्हा खाण हवी. गावाजवळ हवी, छोटी हवी, कायदेशीर हवी. इथपर्यंत वाद नाहीच. वाद पुढे आहे. ती खाण किती खोल गेली, हे मोजतं कोण?

नियमाने मोजायचं असतं. नेमाने कुणी मोजत नाही.

सरकार पावती मोजतं. रस्त्यावर गाडी अडवून बारकोड तपासतं. डोंगराच्या कुशीत काय उरलं, हे बघायला गाडीतून उतरावं लागतं. तिथेच सगळं अडतं.

आता जो माणूस सरळ मार्गाने खाण चालवू पाहतो, त्याचं काय होतं ते बघा. हेक्टरभर माळ. वर कुसळी गवत, सातबाऱ्यावर पोटखराबा, खाली दहा-पंधरा फूट लालसर मुरूम. माणसाला वाटतं, जमीन बापजाद्यांची आहे, खोदू आणि विकू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ त्याला सांगतं की जमीन तुझी असली तरी खालचं खनिज राज्याचं आहे.

ठीक. मालक राज्य. मग मालकाने आपल्या मालाची काळजी घ्यायची असते, की फक्त भाडं वसूल करायचं असतं?

परवान्यासाठी सातबारा, गटाचा नकाशा, हद्दीची मोजणी, ग्रामपंचायतीची ना हरकत, खाणकामाचा आराखडा, पर्यावरण मंजुरी, आगाऊ भरलेलं स्वामित्वधन. किती ब्रासचा परवाना हवा, त्यावर फाइल तहसीलला जाणार, प्रांताकडे जाणार की जिल्हाधिकारी कार्यालयात, हे ठरतं. त्यानंतर महाखनिज प्रणालीवर नोंदणी, गाडीला जीपीएस, प्रत्येक खेपेला ऑनलाइन वाहतूक पास. केंद्राच्या १९५७ च्या खाण कायद्याने गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला, महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपले नियम केले. नियम वाईट नाहीत.

ते पाळणाऱ्याला लागू होतात, एवढीच त्यांची अडचण आहे.

पर्यावरण मंजुरीचं प्रकरण घ्या. २००६ च्या अधिसूचनेत ५ हेक्टरच्या आतल्या खाणींना मंजुरी लागत नव्हती. मग काय झालं? मोठ्या डोंगराचे तुकडे पाडून साडेचार-साडेचार हेक्टरचे पट्टे निघू लागले. शेवटी २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सांगितलं की ५ हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही मंजुरी घ्यावीच लागेल.

निकाल अगदी योग्य होता. शेजारी शेजारी असलेले दहा छोटे खड्डे मिळून एक मोठी खाण होते, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण निकालानंतर उभं काय राहिलं? कागद. अहवाल लिहून देणारे तयार झाले. अहवालात गावाचं नाव बदलतं, गट नंबर बदलतो, पक्ष्यांची यादी तीच राहते. हेक्टरभर माळ चालवणाऱ्याला तो अहवाल विकत घ्यावा लागतो. माळाखालचा ओढा मात्र त्या अहवालात कधी वाहत नाही.

आणि ज्याला मंजुरी नको आहे, तो काय करतो? रात्री येतो.

मधे एक पळवाटही काढून झाली. २८ मार्च २०२०. देश टाळेबंदीत, माणसं पायी गावाकडे निघालेली. त्या दिवशी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली की रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती खोदायला पूर्वमंजुरीची गरज नाही. लोकांच्या हरकती मागवल्या नाहीत. किती माती, किती क्षेत्र, काही मर्यादा नाही. चार वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

चार वर्षांत उपसलेली माती कोण परत आणणार?

आता थोडा हिशोब. पाटीवर करता येईल इतका सोपा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तो दहा फूट खोदला की ४,३५,६०० घनफूट माल निघतो. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे ४,३५६ ब्रास. २०२१ मध्ये स्वामित्वधन ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झालं. एका एकराचे झाले २६ लाख १३ हजार ६०० रुपये. वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के.

हे फक्त दहा फुटांचे. अजून दोन फूट खाली गेलं, तर सव्वापाच लाखांचा फरक पडतो. दोन फूट म्हणजे किती? पोकलेनवाल्याच्या हातातला दांडा जरा जास्त वेळ खाली राहिला, इतकंच.

त्या दोन फुटांना पावती नसते. खड्ड्यात मात्र ते असतात. ते मोजले की दिसतात, एका दुपारीत दिसतात. म्हणूनच मोजत नाहीत?

अजून एक गोम आहे, ती खाणीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कार्यालयात बसून कळत नाही. जमिनीत घट्ट बसलेला मुरूम खोदला की फुगतो. पाव हिस्सा तरी वाढतोच. जमिनीतला ४,३५६ ब्रास गाडीत भरला की साडेपाच हजारांच्या आसपास जातो. मग परवान्यातला ब्रास कुठला? खड्ड्यातला की गाडीतला? पास गाडीवर फाटतो, आराखडा खड्ड्यावर बनतो. पंचनामा करणारा आपल्याला हवा तो धरतो.

सरळ माणसाचं नुकसान दोन्हीकडे. चोराचं कुठेच नाही.

पासचीही एक तऱ्हा आहे. त्यावर गाडीचा नंबर, कुठून, कुठे, किती ब्रास, निघायची वेळ, पोहोचायची वेळ. अंतर बघून मुदत मिळते. तालुक्याच्या रस्त्यावर टायर पंक्चर झालं, जॅक लावून चाक बदलेपर्यंत मुदत उलटली, पुढच्या नाक्यावर पथक उभं. पास खरा, माल खरा, स्वामित्वधन भरलेलं. तरी गाडी तहसीलच्या आवारात लागते. ड्रायव्हर दोन दिवस तिथेच, गाडीखाली झोपतो. घरी सांगतो, काम लांबलं.

तसल्याच एका पासवर दुसरा गडी पहाटेपर्यंत तीन खेपा करतो. कारण त्याच्या वाटेवर पथक नसतं. पथक कुठे उभं आहे, हे त्याला पथक घरातून निघायच्या आधी कळतं.

कसं कळतं? हा प्रश्न गावात विचारून बघा. लोक तुमच्याकडे बघतच राहतील. इतकं साधं तुम्हाला कसं ठाऊक नाही म्हणून.

आता दंड बघा. संहितेच्या कलम ४८ नुसार विनापरवाना माल उपसला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. शिवाय वाहन जप्त. ते सोडवायचं तर २०१८ पासूनचे दर असे: ट्रॅक्टर-ट्रॉली १ लाख, डंपर २ लाख, पोकलेन साडेसात लाख.

ट्रॉलीत मावतो एक ब्रास. पोकलेन तीन-चार बकेटांत तेवढा माल उपसतं, म्हणजे मिनिटभरात. जुन्या ट्रॅक्टरची किंमतच मुळात दोन-तीन लाख. घराच्या जोत्यासाठी नाल्याकडेचा मुरूम आणणारा शेतकरी सापडला तर त्याचा अर्धा ट्रॅक्टर गेला. पोकलेनच्या मालकाची एका आठवड्याची कमाई गेली.

कुणाची खोड मोडेल यातून?

शेतकरी पकडायला सोपा आहे. दिवसा जातो, हळू जातो, आणि त्याला फोन करायला कुणी नसतं.

चोरी दंडाने थांबत नाही, याचं खरं कारण तर गावापासून लांब, बांधकाम खात्याच्या बिलात आहे. सरकारी रस्त्याचा ठेकेदार मुरूम टाकतो. मुरमाच्या पावत्या दिल्या नाहीत तर काय होतं? खातं त्याच्या बिलातून स्वामित्वधन कापून घेतं. सरकारचे पैसे जमा, बिल मंजूर, विषय संपला. तो मुरूम कुठल्या गटातून आला, तिथे परवाना होता का, कुणाच्या गायरानात खड्डा पडला, याची चौकशी तिथे होत नाही.

सरकार एका हाताने रात्रीच्या गाड्या पकडतं आणि दुसऱ्या हाताने त्याच गाड्यांचा माल रस्त्यावर पसरून त्याचं बिल देतं.

हे बंद करायला नवा कायदा लागत नाही. पास नाही तर बिल नाही, एवढी एक ओळ लागते. कापून घेण्याची सोय काढून टाका. बघा, ठेकेदार स्वतः परवान्याची खाण शोधत येतो की नाही. माळाच्या मालकाकडे गिऱ्हाईक आपोआप चालत येईल.

गिऱ्हाईकाचीच तर खरी मारामार आहे. परवाना काढून बसलेल्याचा मुरूम महाग, रात्रीचा स्वस्त. ब्रासमागे स्वामित्वधनाचे सहाशे, प्रतिष्ठानचे साठ, आराखड्याचा खर्च, मंजुरीचा खर्च, जीपीएसचा खर्च, हे सगळं एकाच्या अंगावर आणि दुसरा मोकळा. अशा बाजारात सरळ माणूस किती वर्षं टिकणार? एक पावसाळा, दोन पावसाळे. मग तोही एका पासवर दोन खेपा मारायला शिकतो.

त्याला चोर आपण केला.

आता खोलीकडे या, कारण माणसं खोलीने मरतात. खाणीतल्या सुरक्षेच्या कायद्यात एक सवलत आहे. मुरूम, खडी, साधी वाळू, बांधकामाचा दगड असं काही उघड्यावर खोदत असाल, खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवसाला ५० पेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग लावत नसाल, तर त्या कायद्याची बहुतेक कलमं तुम्हाला लागू होत नाहीत. म्हणजे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख नाही.

छोट्या माणसाला दिलासा म्हणून हे बरोबरच आहे. पण ६ मीटर म्हणजे जवळपास २० फूट. आणि ती मर्यादा ओलांडली की नाही, हे कोण बघतं?

कुणी बघत नाही म्हणून खाण कागदावर कायम ६ मीटरच्या आतच राहते.

जिथे कायदा लागू आहे, तिथे नियम फार शहाणे आहेत. १९६१ च्या नियमावलीत मुरमाच्या, मातीच्या, गोट्यांच्या खाणीत कड उभी ठेवायची नाही असं सांगितलंय. उतार ४५ अंशांच्या आत ठेवा, नाहीतर पायऱ्या काढा. पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खांद्याच्या थोडं वर येईल एवढी पायरी. साधं आहे, माणसाचा जीव वाचवणारं आहे.

गावची खाण जाऊन बघा. भिंत सरळ उभी असते. वरून पाहिलं तर काठाला समांतर एक भेग दिसते, बोटभर. गवताची मुळं त्या भेगेत लोंबत असतात. खाली पोकलेनने पाय कोरून घेतलेला, कारण खालचा मुरूम घट्ट आणि चांगला. दुपारी ड्रायव्हर आणि हेल्पर त्याच भिंतीच्या सावलीत भाकरी सोडून बसतात. माळावर दुसरी सावलीच नसते.

एक पाऊस पडतो आणि भेग हातभर होते.

अठरा फुटांच्या भिंतीला त्या कायद्याने सूट आहे. मुरमाला सूट वगैरे कळत नाही, तो कोसळतो. म्हणून दीड मीटरच्या पायरीची अट परवान्यातच घाला. ५०० ब्रासच्या परवान्यातही घाला. पायऱ्या काढल्याने थोडा माल अडकून राहील, मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

खाण संपली की पुढचा पाहुणा पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये खड्डा भरतो. गढूळ, शांत, कडा सरळ, तळ कुठे ते कळत नाही. शाळा सुटलेली मुलं पोहायला उतरतात. उतरायला एखादी वाट असते, कारण डंपर तिथूनच वर येत होते. बाकी तिन्ही बाजूंना भिंत. दर पावसाळ्यात पेपरात चार ओळींची बातमी येते: खाणीच्या पाण्यात बुडून मुलांचा मृत्यू. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली.

आकस्मिक? खड्डा आकस्मिक पडला का? परवाना आकस्मिक निघाला? कुंपण न घालण्याचं आकस्मिक ठरलं?

त्या खड्ड्यावर राज्याने लाखो रुपये घेतलेत. राज्य स्वतःला खनिजाचा मालक म्हणवतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तर स्पष्टच केलं की स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिज काढायच्या हक्कापोटी पट्टेदाराने मालकाला दिलेला तो मोबदला आहे. मग मोबदला घेणारा मालक आपल्या खड्ड्याला चार खांब आणि तार लावू शकत नाही?

पैसे नाहीत म्हणू नका. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली ती खाणीमुळे ज्यांना झळ पोहोचते त्यांच्यासाठीच. आपल्या एका एकराच्या, दहा फुटांच्या खड्ड्याचे त्यात दोन लाख ६१ हजार जमा होतात. एकराभोवती तारेचं कुंपण घालून वर धोक्याची पाटी लावायला तेवढे पुरून उरतील. ते पैसे जिल्ह्याला जातात आणि बहुतेक तिथून दुसरीकडे वाट काढतात. खड्डा गावातच राहतो.

झळ पोहोचलेल्यांमध्ये मजूरही येतात. खडीच्या पट्ट्यात तर विशेष. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींवर 'संतुलन' संस्थेने खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाणशाळा चालवल्या, तेव्हा कुठे त्या मुलांची शाळा सुरू झाली. चालवायची कुणी होती? ज्याने त्या दगडावर स्वामित्वधन घेतलं त्याने.

पण खड्डा वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही. खड्डा ठरवून केला तर तो गावाचं धन होतो. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामाला लागणारी माती-मुरूम तलाव, नाले, ओढे खोल करून घेतली गेली. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणी साठवायला जागा मिळाली. राज्यभर त्याची चर्चा झाली, बुलडाणा पॅटर्न असं नावही पडलं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाही त्याच अकलेची. धरणातला गाळ उपसा, रानात टाका, त्यावर स्वामित्वधन नाही.

म्हणजे सरकारला कळतं. मनात आणलं तर खोदायच्या आधी शेवट ठरवता येतो.

मग प्रत्येक छोट्या परवान्याला तोच नियम लावायला काय हरकत आहे? कुठे शेततळं होणार, कुठे उताराने माती भरून चराई होणार, कुठे बांध घालून पाणी अडणार, हे पहिल्या बकेटच्या आधी ठरवा. आराखड्यात खाण बंद करण्याचं प्रकरण असतंच. ते कुणी वाचत नाही, कारण त्यामागे पैसा बांधलेला नसतो. ब्रासमागे ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात आगाऊ ठेवा. खाण नीट बंद केली की परत. नाही केली तर त्याच पैशातून गाव बंद करेल.

जिल्ह्याकडे नको. गावाकडे. मुलं गावाची बुडतात.

अनुसूचित क्षेत्रात तर ग्रामसभेचा अधिकार कायद्यानेच आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची शिफारस लागते. उरलेल्या महाराष्ट्रात ना हरकतीवर काम भागतं, आणि ती ना हरकत कशी निघते ते आपण सगळे जाणतो. ठराव आधी टाइप होतो, सभा नंतर होते, सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. खाण मेळघाटात असो की बारामतीत, धूळ सारखीच उडते. मग ग्रामसभेचा अधिकार वेगवेगळा का?

आणि मोजणीचं म्हणाल, तर ती अवघड आहे हे कुणीही सांगू नये. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करून दाखवली ती याच राज्याने. पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि देशभर गावठाणं ड्रोनने मोजली जाऊ लागली. कुणाची पडवी किती फूट पुढे आली, हे आता आकाशातून दिसतं.

पडवी दिसते. शेजारचा तीस फुटांचा खड्डा दिसत नाही?

वर्षातून दोनदा उडवा तो ड्रोन. एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर. दोन मोजण्यांतला फरक काढा, फुगवट्याचा हिशोब एकदाच नियमात लिहून टाका, पासवर गेलेला माल वजा करा. उरलेला आकडा म्हणजे चोरी. त्यासाठी रात्री पथक फिरवायला नको, खबरे नकोत, नाक्यावर पंक्चरवाल्याला अडवायला नको. ज्याच्या गटात खड्डा, त्याला नोटीस. खड्डा पळून जात नाही, नंबरप्लेट बदलत नाही, कुणाला फोन करत नाही.

मग हे होत का नाही? कारण गाडी अडवली की बोलणी करता येतात. मोजणीशी बोलणी करता येत नाहीत.

तालुक्यात असे प्रामाणिक तहसीलदार आहेत, असे ग्राम महसूल अधिकारी आहेत, की जे रात्री एकट्याने गाडीसमोर उभे राहतात. राज्यात अशा माणसांच्या अंगावर डंपर घातल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. हातात टॉर्च आणि मोबाइल देऊन त्यांना डंपरपुढे उभं करणं ही काय व्यवस्था झाली? मोजणीचा आकडा त्यांच्या हातात द्या. दिवसाउजेडी, कार्यालयात, नोटिशीवर सही करून काम होईल.

हेक्टरभर माळ चालवणाऱ्याचे कागदही कमी करा. एकाच गावच्या, एकाच टेकडीच्या छोट्या खाणींचा अभ्यास एकत्र, सरकारच्या खर्चाने करा. जिल्हा सर्वेक्षण अहवाल २०१६ पासून करायचे आहेतच, ते नीट करा. ओढा कुठे, विहिरी कुठे, किती खोल गेलं तर पाणी तुटेल, हे भूवैज्ञानिकाने एकदा सांगावं आणि ते सगळ्यांना लागू व्हावं. प्रत्येकाने तोच पक्ष्यांचा तक्ता विकत घेण्यात पर्यावरणाचं काय भलं होतं?

कागद कमी, मोजणी जास्त. आज नेमकं उलटं आहे.

१५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा होईल. झेंडावंदन झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. आपल्या शिवारात कुठल्या गटात गौण खनिजाचा परवाना आहे, किती ब्रासचा, मुदत कधी संपते, शेवटची मोजणी कधी झाली, विचारा. खनिज प्रतिष्ठानातून गावाला किती रुपये आले, तेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. 'माहिती घेऊन सांगतो' असं उत्तर मिळालं तर तेच शब्द लिहून घ्या.

आणि दुसऱ्या दिवशी माहितीचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये. मोजणीच्या नकाशाची प्रत मागा, तारखेसह.